डेसीची मतं

मॅलॅकी टूही काउंटी कौन्सिलवर, म्हणजे जिल्ह्याच्या स्थानिक मंडळावर, लागोपाठ तीन वेळा निवडून आला होता. तो कुठल्याच पक्षाचा नव्हता. बॅलिनाहॉनच्या चॅपल स्ट्रीटवर त्याचं हार्डवेअरचं दुकान होतं, आणि खिळे घ्यायला आलेला माणूस जाताना आपलं गाऱ्हाणंही काउंटरवर ठेवून जायचा. गटार तुंबलंय, आईचं पेन्शन अडलंय, वळणावर मेंढ्या रस्त्यात येतात. मॅलॅकी ऐकून घ्यायचा, फोन लावायचा, आणि काम झालं नाही तर तेही सांगायला स्वतः घरी जायचा. गावात कुणी वारलं की शवपेटीमागे चालणाऱ्यांत तो असायचाच. लोक चेष्टेनं म्हणायचे, मॅलॅकी पोचला नाही म्हणजे माणूस अजून नीट मेलेला नाही.

दुकानाला लागूनच नन राहायच्या ते जुनं कॉन्व्हेंट. नन म्हाताऱ्या होत गेल्या, एकेक करून कमी झाल्या, शेवटी सिस्टर बेनिग्नस तेवढी उरली. इमारतीची किल्ली मॅलॅकीच्या स्वयंपाकघरात टांगलेली असायची, कारण थंडीत पाइप फुटला की धावणारा तोच. मागच्या हिवाळ्यात डब्लिनहून सरकारी खात्याची दोन माणसं आली. परदेशांतून आसऱ्याला आलेल्या कुटुंबांसाठी ती जागा शोधत होती. मॅलॅकीनंच दार उघडून त्यांना सगळं फिरून दाखवलं. "घर कोरडं आहे," तो म्हणाला, "छपराचं थोडं काम निघेल, पण भिंती दणकट आहेत." त्यात वाईट काही आहे असं तेव्हा त्याच्या मनातही आलं नव्हतं. शाळेत पोरं कमी पडत होती, एक शिक्षिका जाणार म्हणत होते. चार कुटुंबं आली तर बरंच, असं त्याला वाटलं.

त्याच वेळी वरच्या मजल्यावर ऊना गॅरिही सिस्टर बेनिग्नसच्या पायाची जखम धूत होती. ऊना घरोघरी जाणारी सरकारी नर्स. जिन्यात दोघांची गाठ पडली.

"पाय कसा आहे गं?" मॅलॅकीनं विचारलं.

"पाय भरतोय. तोंड काही थांबत नाही," ऊना म्हणाली, आणि डब्लिनच्या माणसांना मान लववून खाली उतरली. फाटकाशी तिची लाल गाडी उभी होती, तिच्यामागे त्या दोघांची काळी गाडी. समोरून जाणाऱ्या कुणीतरी फोटो काढला. का काढला, देव जाणे.

वसंत ऋतूत सिस्टर बेनिग्नसला दूर दुसऱ्या मठात नेलं. तोवर तिला स्वतःचं नावही आठवेनासं झालं होतं. मग बातमी फुटली, की कॉन्व्हेंटमध्ये परदेशी लोक येणार. आणि गाव ढवळून निघालं.

तोंडावर कौन्सिलची निवडणूक. डेसी मलक्वीन उभा राहिला. डेसीचा धंदा गवत कापून द्यायचा, आवाज ट्रॅक्टरपेक्षा मोठा. त्याच्या फलकांवर एकच वाक्य होतं: 'आपलं गाव आपलंच.' ऊनाही पहिल्यांदाच उभी होती. तिचा विषय वेगळा होता. दवाखान्यापर्यंत बस नाही, म्हाताऱ्यांनी जायचं कसं, हे ती दारोदार बोलत होती. कुणी कॉन्व्हेंटबद्दल विचारलं की म्हणायची, "पोरंबाळं घेऊन आलेल्या माणसाला छप्पर द्यायला मी नाही म्हणणार नाही." एवढं पुरेसं होतं. तो फोटो बाहेर आला आणि या फोनवरून त्या फोनवर फिरला. लाल गाडी, काळी गाडी, कॉन्व्हेंटचं फाटक. गाव बोलू लागलं: ऊनानंच त्यांना आणलं. दार तिनंच उघडून दिलं. तिला त्यात काहीतरी मिळणार असेल.

मॅलॅकीनं तो फोटो दुकानात, काउंटरवर, दुसऱ्याच्या फोनवर पाहिला.

"काय म्हणणं आहे तुझं, मॅलॅकी?" फोन दाखवणाऱ्यानं विचारलं.

"फोटोतून काय कळतं," मॅलॅकी म्हणाला, आणि त्याच्यासाठी तारेची जाळी कापायला मागच्या खोलीत गेला.

मतदान शुक्रवारी होतं. आदल्या मंगळवारी खेळाच्या मैदानाशेजारच्या हॉलमध्ये सगळ्या उमेदवारांची सभा झाली. हॉल गच्च भरला होता, दारात माणसं उभी. मंचावर एका ओळीत उमेदवार, मध्ये अध्यक्ष म्हणून शाळेचे निवृत्त हेडमास्तर. डेसीनं फोटो मोठा करून पुठ्ठ्यावर चिकटवून आणला होता. तो उंच धरून म्हणाला, "ही गाडी कुणाची? बोला, कुणाची?"

"माझी," ऊना म्हणाली.

"आणि मागची? डब्लिनची! दार कुणी उघडलं त्यांना?"

"मी कामानिमित्त लोकांच्या घरात जाते," ऊना शांतपणे म्हणाली. "तिथे कोण होतं, काय पाहिलं, हे मी चव्हाट्यावर सांगत नाही. आज हे सांगितलं तर उद्या तुमच्या घरातलंही सांगेन. दार मी उघडलं नाही, इतकंच सांगते."

"मग कुणी उघडलं? वाऱ्यानं?" हॉल हसला. मागून कुणीतरी घाणेरडं काहीतरी ओरडलं. ऊनाच्या गळ्यावर लाल चट्टे उठले. तिनं वळून मॅलॅकीकडे पाहिलं. मदत मागितल्यासारखं नाही. एखाद्यावर भरवसा असला की आपण निर्धास्तपणे त्याच्याकडे पाहतो, तसं.

हेडमास्तरांनी ते पाहिलं असावं. ते म्हणाले, "कौन्सिलर टूही, तुमचं दुकान तर शेजारीच. तुम्हाला काही ठाऊक आहे का?"

मॅलॅकीनं समोर पाहिलं. पुढच्या रांगेत कार्मडी बंधू होते, त्यांच्या आईच्या अंत्ययात्रेत तो चालला होता. त्यांच्यामागे क्लोनाच्या वाडीची माणसं, दर वेळी न चुकता त्याला मत देणारी. सगळे चिडलेले. आणि सगळे त्याच्याच तोंडाकडे बघत होते.

"मी दिवसभर दुकानात असतो," तो म्हणाला. "फाटकातून कोण आलं, कोण गेलं, हे मी कसं सांगू?"

कुणीतरी टाळी वाजवली, मग आणखी काहींनी. ऊना अजूनही त्याच्याकडे पाहत होती, पण आता वेगळ्या तऱ्हेनं. जणू जिन्यात भेटलेला माणूस हाच का, याची ती खात्री करून घेत होती. मग मान खाली घालून ती समोरच्या पेल्यातलं पाणी प्यायली. त्यानंतर सभाभर ती त्याच्याकडे वळली नाही. त्याचं नाव घेऊन तिला त्याला उघडं पाडता आलं असतं. तिनं पाडलं नाही.

घरी येताना ब्रीज, मॅलॅकीची बायको, गाडीत त्याच्या शेजारी होती. फाटक लावताना म्हणाली, "किल्ली आपल्या स्वयंपाकघरात होती, मॅलॅकी."

"माहीत आहे मला."

"ऊनालाही माहीत आहे."

"निवडणूक होऊन जाऊ दे. मग मी सगळ्यांना नीट समजावून सांगेन. आत्ता सांगून काय होणार? मीही पडेन, तीही पडेल, आणि तो डेसी तेवढा बसेल. ते चालेल का तुला?"

ब्रीज स्वयंपाकघरात गेली. केटलीत पाणी भरून, ती न लावताच झोपायला गेली.

शनिवारी सकाळी काउंटीच्या मोठ्या क्रीडागृहात मोजणी सुरू झाली. मतपेट्या टेबलांवर उलट्या करतात, कर्मचारी एकेक कागद उलगडून सरळ करतात, आणि मध्ये लोखंडी कठडा असतो. कठड्याच्या अलीकडे टॅलीवाले. प्रत्येक उमेदवाराचे लोक कठड्यावर ओणवे होऊन, हातात पेन्सिल घेऊन, उलगडणारा कागद वाचत जातात. अधिकृत आकडा यायला वेळ लागतो, पण कुठल्या पेटीत कुणाला काय पडलं हे टॅलीवाल्यांना दुपारच्या जेवणाआधीच कळलेलं असतं. कुणी कुणाला मत दिलं ते कळत नाही. कुठल्या गल्लीनं काय केलं ते मात्र कळतं.

मॅलॅकीची टॅली पॅकी लोहन करायचा. पॅकी पोस्टमन होता, आता निवृत्त, मॅलॅकीचा शाळेपासूनचा मित्र. चॅपल स्ट्रीटची पेटी उघडली तेव्हा तो एकटाच गुणगुणत होता. हळूहळू गुणगुणणं थांबलं.

"काय रे?" मॅलॅकीनं मागून विचारलं.

"तुझ्याच गल्लीची पेटी ना ही?"

"मग?"

"ऊना. ऊना. ऊना. मध्ये एखादा तू. परत ऊना." पॅकीनं पेन्सिल कानावर खोचली. "काय केलंस तू त्यांना? पाण्याचे पाइप उलटे बसवलेस की काय?"

मॅलॅकी हसला नाही. त्या गल्लीत सोळा घरं. प्रत्येक घरातून कॉन्व्हेंटचं दार दिसायचं. त्याच्या हातात ती किल्ली गल्लीनं हजारदा पाहिली होती. सभेला त्यातले बरेच जण होते, गप्प बसून होते. ते त्याच्या तोंडून खरं काय ते ऐकायची वाट बघत होते, हे त्याला आत्ता कळलं. त्यांनी ना दगड मारला, ना शिवी दिली. आपापला कागद घडी करून पेटीत टाकला.

मानेपासून कानापर्यंत त्याला गरम गरम वाटलं. लहानपणी चर्चमध्ये सगळ्यांसमोर नाव पुकारलं की वाटायचं तसं.

"क्लोनाच्या पेटीत तुझं बरं आहे," पॅकी म्हणाला. "तिथे डेसी पहिला, पण दुसरा नंबर सगळा तुझा."

इथेच सगळी मेख होती. आमच्याकडे मतपत्रिकेवर एकाच नावापुढे शिक्का मारून भागत नाही. नावांपुढे नंबर लिहायचे: एक, दोन, तीन, पुढे मन मानेल तसे. कुणी निवडून यायचं राहिलं असेल तर तळाच्या उमेदवाराला बाद करतात, पण त्याचे कागद फुकट जात नाहीत. त्यावर ज्याला पुढचा नंबर असेल त्याच्या ढिगात ते कागद जातात. त्यामुळे कोण कुणाच्या मतांवर आत आला, हे सगळ्यांसमोर, उजेडात दिसतं.

रविवारी दुपारपर्यंत बहुतेक जागा भरल्या. आमच्या भागातल्या जागांपैकी एकच उरली, आणि रिंगणात तिघं: ऊना पुढे, तिच्यामागे मॅलॅकी, तळाला डेसी. निवडणूक अधिकारी बाई माइकपाशी आल्या, आणि डेसी मलक्वीन बाद झाल्याचं त्यांनी कोरड्या आवाजात वाचून दाखवलं. डेसीचे लोक ओरडले, पण फार नाही. आता पुढे काय होणार हे त्यांना ठाऊक होतं.

कर्मचाऱ्यांनी डेसीचा ढीग टेबलावर आणला आणि वाटायला सुरुवात केली. मॅलॅकी कठड्याला टेकून पाहत होता. दोन खण: एकावर ऊनाचं नाव, एकावर त्याचं. कागद उचलला, नंबर पाहिला, टाकला. त्याच्या खणात. त्याच्या खणात. त्याच्या खणात. एक ऊनाकडे. त्याच्या खणात. काही कागदांवर एक डेसी आणि दोन मॅलॅकी, पुढे काहीच नाही; जणू लिहिणाऱ्याला तिसरं कुणी माहीतच नव्हतं. पोस्टाच्या खोलीत पत्रं वेगळी करतात तसा तो आवाज, पट पट पट. आयुष्यात पहिल्यांदा मॅलॅकीनं मनातल्या मनात म्हटलं: बस, पुरे. एवढी नकोत.

ऊना कठड्याच्या दुसऱ्या टोकाला तिच्या भावासोबत उभी होती. तिनं पांढरा स्वेटर घातला होता. खणाकडे न पाहता ती मोजणाऱ्या मुलीच्या चेहऱ्याकडे पाहत होती. मुलगी थकली होती. ऊनानं तिला पाण्याची बाटली द्यायला हात पुढे केला; पोलिसानं हसून मान हलवली, की कठड्याच्या आत काही देता येत नाही.

आकडा वाचला गेला. मॅलॅकी टूही निवडून आला.

आणि त्याला उचलणारे हात त्याच्या माणसांचे नव्हते. पॅकी जागच्या जागी उभा राहिला होता. धावत आले ते डेसीचे लोक. कार्मडी बंधूंनी त्याला मांड्यांखाली धरून वर घेतलं. "टूही! टूही!" खालून डेसीनं त्याचा हात धरून गदागदा हलवला. "मी पडलो तर पडलो," तो ओरडला, "आपलाच माणूस आत गेला! मंगळवारी कसा ठणकावून बोललास, मॅलॅकी! तिथेच मी आमच्या लोकांना सांगितलं, दुसरा नंबर ह्याला!"

"खाली ठेवा मला," मॅलॅकी म्हणाला. कुणाला ऐकू गेलं नाही. "अरे खाली ठेवा!"

लोकांना वाटलं, तो लाजतोय.

निवडून आलेल्यानं माइकवर दोन शब्द बोलायची रीत आहे. मॅलॅकी माइकपाशी गेला. निवडणूक अधिकाऱ्यांचे, मोजणाऱ्यांचे, पोलिसांचे आभार मानले. तोंडपाठ होतं सगळं. मग तो थांबला. ऊना अजून तिथेच उभी होती, हरलेल्यानं शेवटपर्यंत थांबायचं म्हणून. त्याच्या घशापर्यंत वाक्य आलं: त्या दिवशी दार मी उघडलं. पाचच शब्द सांगायचे होते. माइक चालू होता. हॉल त्याच्याकडे पाहत होता, तसाच, मंगळवारसारखा.

"आणि माझ्या घरच्यांचे आभार," तो म्हणाला, आणि उतरला.

खाली ऊना त्याच्यासमोर आली. तिनं हात पुढे केला. रीतच ती. "अभिनंदन, मॅलॅकी," ती म्हणाली. तिचा हात कोरडा आणि गार होता. त्याचा घामानं निथळत होता, आणि तिला तो लागला याचीही त्याला लाज वाटली.

परतीच्या वाटेवर गाडी ब्रीज चालवत होती. उन्हं अजून शेतांवर लांब पडलेली, लोक गवत उलथत होते. कुंपणापाशी कुणीतरी हात केला, मॅलॅकीनं केला नाही.

"तुला एक सांगायचंय," ब्रीज म्हणाली. "दुसऱ्या कुणाकडून कळायचं नाहीच, पण मला ते पोटात ठेवून तुझ्याशेजारी राहता यायचं नाही. मी पहिला नंबर ऊनाला दिला. तुला दुसरा दिला."

मॅलॅकीनं मनातल्या मनात ढीग पुन्हा लावून पाहिले.

"ऊना शेवटपर्यंत बाद झालीच नाही," तो अखेर म्हणाला. "म्हणजे तुझा कागद तिच्याच ढिगात राहिला. माझ्यापर्यंत आलाच नाही."

"हो. ते माझ्याही लक्षात आलं."

"मग माझी बायको नाही, माझी गल्ली नाही. मला निवडून दिलं ते डेसीनं."

"ते मी म्हटलं नाही," ब्रीज म्हणाली. पुढचं वळण घेऊन ती पुन्हा बोलली, "गेले काही दिवस दुकानात गिऱ्हाईक आलं की मी मागच्या खोलीत जाते. तुझ्या लक्षात आलं का? मला त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही. आणि मी तर काहीच केलेलं नाही."

सोमवारी सरकारी सुट्टी होती, पण जखमा सुट्टी पाळत नाहीत. ऊना फेरीवर होती. टेकडीच्या रस्त्यावर एका घराबाहेर तिची गाडी दिसली, तशी मॅलॅकीनं आपली गाडी मागे उभी केली आणि थांबला. ती बाहेर आली, हातात पिशवी, त्याला पाहून थबकली.

"कुणी आजारी आहे का?" तिनं विचारलं.

"नाही. ऊना, मला बोलायचंय. त्या दिवशी दार मी उघडलं होतं."

"मला माहीत आहे. मी तिथे होते."

"मी खोटं बोललो."

"तेही माहीत आहे." तिनं पिशवी गाडीच्या छतावर ठेवली. "मॅलॅकी, मंगळवारी हे वाक्य माझ्या उपयोगाचं होतं. आज ते फक्त तुमच्या उपयोगाचं आहे. तुम्हाला हलकं वाटावं म्हणून मी इथे रस्त्यात उभी राहू का?"

मग तो, सगळी रात्र घोकलेलं, बोलून गेला. "मी राजीनामा देतो. माझ्या जागी कुणाला घ्यायचं ते नाव मी सुचवू शकतो. मी तुझं नाव देतो. जागा तुझीच होती."

ऊनाचा चेहरा पहिल्यांदाच फिरला. इतक्या दिवसांत ती चिडलेली कुणी पाहिली नव्हती.

"म्हणजे लोक म्हणणार, बघा, आतून ठरलेलंच होतं. आधी दार उघडून दिलं, मग खुर्चीही मिळाली. आणि तुमचं नाव होणार, केवढा मोठ्या मनाचा! नको मला. तुमच्या हातून तर मुळीच नको." तिनं श्वास घेतला. "माझ्या आईला बाजारात एकीनं तोंडावर विचारलं, किती मिळाले पोरीला? माझी आई चौऱ्याऐंशीची आहे. हातातली पिशवी तिथेच ठेवून ती घरी आली. अजून बाहेर पडलेली नाही."

"मी जातो त्यांच्याकडे. माफी मागतो."

"तिच्याकडे कशाला? तिला सगळं ठाऊक आहे. ज्यांना खोटं सांगितलंत त्यांना जाऊन सांगा की." ती गाडीत बसली. काच खाली करून म्हणाली, "आणि राजीनामा देऊन पळू नका. बसा तिथे. पाच वर्षं बसा."

मॅलॅकी तिच्या गाडीची धूळ खाली बसेपर्यंत तिथेच उभा होता. घरातली म्हातारी पडदा सारून पाहत होती. तिनं त्याला ओळखून हात केला, आणि आत चहाला ये म्हणून खूण केली. तो गेला नाही.

दुसऱ्या दिवशी तो काउंटीच्या रेडिओवर गेला. सकाळचा कार्यक्रम, निकालांवर गप्पा. निवेदकानं विचारलं, "कौन्सिलर, शेवटच्या फेरीत तुम्ही बाजी मारलीत. काय जादू केलीत?"

"जादू नाही. मी खोटं बोललो," मॅलॅकी म्हणाला. आणि मग सगळं सांगितलं: किल्ली, डब्लिनची माणसं, घर कोरडं आहे असं आपणच म्हटलेलं, ऊना वर आपलं काम करत होती ते, आणि मंगळवारचा हॉल. आवाज दोनदा फाटला. निवेदक गोंधळला, "असं... प्रामाणिक आहात तुम्ही," असं काहीतरी म्हणाला, आणि हवामानाकडे वळला.

त्याला वाटलं होतं, लोक थुंकतील. तेही झालं. दुकानाच्या शटरवर कुणीतरी रंगानं 'गद्दार' लिहिलं. ब्रीजनं आणि त्यानं मिळून ते घासलं, पूर्ण निघालं नाही. कार्मडी बंधू त्यानंतर कुंपणाच्या तारा दुसऱ्या गावातून आणू लागले. पण ते त्याला सोसलं. सोसवलं नाही ते दुसरंच. रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर लोक येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवू लागले. "हिंमत लागते हो, मॅलॅकी." "असा माणूस विरळा." एका बाईनं डोळे पुसले. ऊना तिथूनच, आईचा हात धरून, पायऱ्या उतरत होती. आई पहिल्यांदाच बाहेर आली होती. त्या दोघींच्या खांद्यावर कुणी हात ठेवला नाही. लोक थोडे बाजूला सरले, वाट दिली, आणि नजर दुसरीकडे वळवली, कारण तिच्याकडे पाहिलं असतं तर त्यांनाही काहीतरी म्हणावं लागलं असतं.

मॅलॅकी त्या बाईचा हात खांद्यावरून काढून, "मला काम आहे," असं पुटपुटत निघून गेला.

"चांगलं म्हणतात तर ऐकून तरी घे," पॅकीनं त्याला गाठून म्हटलं.

"चोरानं चोरी कबूल केली म्हणून त्याची वरात काढतात का रे? आणि माल त्याच्याच घरात!"

"मग दे ना परत."

"घेत नाही ती."

पॅकीनं टोपी काढून डोकं खाजवलं. "मग ठेव," तो म्हणाला. "आणि जड वाटू दे."

शरद ऋतूत कॉन्व्हेंटमध्ये कुटुंबं आली. फाटकाशी निदर्शनं झाली, मग पाऊस आला, मग हळूहळू सगळे घरी गेले. शाळेतली शिक्षिका राहिली. ऊना पुन्हा उभी राहणार का, असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "माझ्या पायांना तेवढी फेरीच पुष्कळ आहे." दवाखान्यापर्यंतच्या बसचा ठराव मॅलॅकीनं कौन्सिलात मांडला. तो पडला. पुन्हा मांडला. ऊनाचं नाव त्यानं त्यात घेतलं नाही. घेतलं तर त्यातही आपलाच मोठेपणा होईल, असं त्याला वाटायचं.

नोव्हेंबरच्या एका दुपारी दुकानात क्लोनाच्या वाडीचा एक माणूस आला. टॉस मरीन, मेंढ्या पाळणारा. त्यानं काही विकत घेतलं नाही. काउंटरवर कोपरं टेकून म्हणाला, "आमच्या वळणावरचा दिवा महिनाभर बंद आहे. पोरगी अंधारात बसमधून उतरते."

"मी फोन लावतो," मॅलॅकी म्हणाला.

"लावायलाच पाहिजे. रेडिओवर काय वाटेल ते बोललास, ते जाऊ दे. पण तुला तिथे बसवलं कुणी? आमच्या वाडीनं. पहिला डेसी, दुसरा तू. विसरू नकोस."

ब्रीज मागच्या खोलीच्या दारात उभी होती. ह्या वेळी ती आत गेली नाही.

"नाही विसरत," मॅलॅकी म्हणाला. त्यानं फोन उचलला, आणि खाली बघतच विचारलं, "दिवा कुठल्या खांबावरचा म्हणालास?"